पसंती क्रमांक दोन

सरांनी विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघातून उभं राहायचं ठरवलं तेव्हा शाळेत मुलं नव्हती. २०२० साल. वर्ग बंद. आम्ही दोघं-तिघं आळीपाळीनं शाळेत जायचो, मोबाईल खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधून ऑनलाइन तास घ्यायचो आणि रेंज गेली की व्हरांड्यात येऊन बसायचो. तिथंच एका दुपारी सर म्हणाले, "अर्ज भरतोय. सूचक व्हा." मी हसलो. सर हसले नाहीत.

सरांचं नाव इथं घालत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी भागातलं आमचं हायस्कूल. सर तिथं विज्ञान शिकवायचे, मी गणित. त्यांची जन्मतारीख १ जून, म्हणजे शाळेत घालताना गुरुजींनी अंदाजानं लावून दिलेली. त्यांच्या पिढीतल्या निम्म्या शिक्षकांचा वाढदिवस एकाच दिवशी असतो आणि निवृत्तीही एकाच दिवशी, ३१ मेला.

नव्वदच्या दशकात संस्थेशी वाजलं आणि सरांना घरी बसवलं गेलं. त्या काळात असा शिक्षक दुसऱ्या दिवशी शेतावर दिसायचा, विषय संपायचा. सरांनी मात्र १९७७ चा खाजगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याची १९८१ ची नियमावली मिळवली, रात्रभर वाचली आणि तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणात अपील टाकलं. निकाल लागेपर्यंत काही वर्षं त्यांनी एसटीनं तारखा केल्या. परत रुजू झाले ते मागच्या पगारासकट. तेव्हापासून पाच-सहा तालुक्यांतली माणसं फाइल घेऊन त्यांच्याकडं यायला लागली. वैयक्तिक मान्यता अडली, आरक्षणाच्या रोस्टरवर चुकीच्या बिंदूला नाव लागलं, पगारासाठी लागणारा शालार्थ आयडी निघेना, वेतन पथकानं त्रुटी काढली, की म्हणायचे, "जरा सरांना दाखवून या."

सर फाइल उलटी वाचायचे. शेवटच्या पानापासून. "शेरा शेवटी असतो," म्हणायचे, "मग आधी शेरा वाचायचा, आणि तो खरा आहे का ते बघायला मागं जायचं."

मीही तसाच फाइल घेऊन त्यांच्यापुढं बसलेला माणूस. २००७ ला लागलो तो वाढीव तुकडीवर, 'कायम विनाअनुदानित', म्हणजे पगाराला सरकारचं अनुदान कधीच नाही. नऊ वर्षं बिनपगारी. सकाळी शिकवण्या, सुट्टीत डाळिंबाच्या बागेत छाटणीला. २००९ मध्ये शासनानं 'कायम' हा शब्द काढला तेव्हा आम्ही पेढे वाटले होते, ते आता आठवलं की माझं मलाच हसू येतं; शब्द गेला, पगार कुठं आला? वीस टक्के अनुदान लागलं ते २०१६ ला. पहिला पगार बँकेत जमा झाला तेव्हा मोबाईलवरचा मेसेज मी बायकोला दाखवला. ती म्हणाली, "शून्य एखादं कमी पडलंय का बघा."

म्हणून सर उभे राहणार म्हटल्यावर दुसरं काही सुचलंच नाही. मी सूचक झालो, प्रचारक झालो, आणि शेवटी मतमोजणी प्रतिनिधीही झालो.

तसं पाहिलं तर ही निवडणूक आदल्या वर्षीच सुरू झालेली असते, मतदार यादीपासून. विधानसभेसारखी ही यादी पुढं चालू राहत नाही. दर निवडणुकीला कोरी पाटी, प्रत्येकानं नव्यानं नमुना १९ भरायचा. आमच्या वेळी अर्हता दिनांक होता १ नोव्हेंबर २०१९. त्या तारखेच्या मागच्या सहा वर्षांत मिळून किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवलेलं असलं पाहिजे आणि तसा मुख्याध्यापकांचा दाखला जोडला पाहिजे. ऐकायला सोपं वाटतं. शेजारच्या तालुक्यातल्या एका विनाअनुदानित शाळेत दाखलाच देईनात, कारण दाखला दिला की हा माणूस इथं तीन वर्षं राबतोय हे लेखी कबूल केल्यासारखं होतं. तिथल्या सात जणांपैकी दोघांची नावं लागली, तीही सर स्वतः जाऊन ऑफिसबाहेरच्या बाकावर दिवसभर बसले म्हणून.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिला या मतदारसंघात मत नाही. घटनेच्या १७१ व्या कलमात 'माध्यमिक शाळेहून खालच्या दर्जाच्या नाहीत अशा' संस्थांमधले शिक्षक म्हटलंय, त्यामुळं पहिली ते चौथी शिकवणारा माणूस इथं शिक्षक धरला जात नाही. पण ती बी.ए. आहे, म्हणून पदवीधर मतदारसंघात मात्र तिला मत. मी पदवीधरही आणि माध्यमिकचा शिक्षकही, म्हणून मला दोन्ही. नमुना १८ आणि नमुना १९ एकाच टेबलावर भरताना ती म्हणाली, "पोरांना एक ते दहा आम्ही शिकवायचं आणि मतपत्रिकेवर एक-दोन-तीन लिहायचा मान तुमचा." तिच्या या बोलण्याला माझ्याकडं तेव्हाही उत्तर नव्हतं.

आणखी एक गंमत सरांनीच दाखवली. मतदार शिक्षकच हवा, उमेदवार शिक्षक असायची अट नाही. वय तीस पूर्ण आणि राज्यात कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव, की झालं. कारखानदार उभा राहू शकतो, बिल्डर उभा राहू शकतो, आणि खर्चाला विधानसभेसारखी मर्यादाही नाही. महाराष्ट्राच्या परिषदेत ७८ जागा. बारावा हिस्सा शिक्षकांचा म्हणजे हिशेबानं साडेसहा, मिळाल्यात सात. त्या सातांत किती जणांच्या बोटाला कधी खडू लागला होता, हे ज्यानं त्यानं मोजावं.

सरांसमोर मात्र वेगळी माणसं होती. त्यांच्या घरी भिंतीवर फोटो नाहीत, पण बोलण्यात दोघं हमखास यायचे. एक ग. प्र. प्रधान. फर्ग्युसनमध्ये इंग्रजीचे प्राध्यापक, १९६६ पासून १९८४ पर्यंत पुणे पदवीधर मतदारसंघाचे आमदार, परिषदेत विरोधी पक्षनेते आणि आणीबाणीत येरवड्याला. शेवटी राहतं घर साधना ट्रस्टला देऊन हडपसरला जाऊन राहिलेला माणूस. दुसरे आमच्याच जिल्ह्यातल्या ढवळीचे प्रा. एन. डी. पाटील. 'रयत'चे प्राध्यापक, अठरा वर्षं विधान परिषदेत, १९७८ च्या सरकारात सहकार मंत्री, पुढं कोल्हापुरातून विधानसभेवर. सरांनी एन. डीं.ची भाषणं कॉलेजात असताना सायकलवर जाऊन ऐकलेली. "आकडा तोंडपाठ असायचा आणि आवाज चढायचा नाही," म्हणायचे. "मास्तर सभागृहात गेला की असा दिसला पाहिजे. वर्गातला फळा तिथं न्यायचा."

आणि त्यांनी तो फळा तयार करूनच ठेवला होता. दोनशे पानी वही, खाकी कव्हर घातलेली. डाव्या पानावर अडचण, उजव्या पानावर नियम. डावीकडं: 'अर्धवेळ ग्रंथपाल, पूर्णवेळ कधी?' उजवीकडं शासन निर्णय आणि तारीख. डावीकडं: '१ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक, अनुदान नंतर, पेन्शन कुठली?' उजव्या पानावर तीन वेगवेगळ्या शाईंत लिहिलेलं, कारण उत्तर तीनदा बदललं होतं. काही पानांवर वर कोपऱ्यात 'तारांकित', काहींवर 'लक्षवेधी' असं लिहिलेलं. निवडून यायच्या आधीच माणसानं प्रश्नोत्तराच्या तासाची तयारी केली होती. वही बघून मला भरून आलं आणि थोडी भीतीही वाटली. पोरानं परीक्षेच्या आधीच निकालाचा फोटो काढून ठेवावा, तसं.

अर्ज पुण्याला, विभागीय आयुक्त कार्यालयात. दहा सूचक, प्रत्येकाचा यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक बरोबर हवा. अनामत दहा हजार. एका सूचकाचा अनुक्रमांक आम्ही चुकीचा टाकला होता, तो सरांनी रांगेत उभं असताना पकडला. अर्थात शेवटच्या पानापासून वाचताना.

पुणे विभाग म्हणजे पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. पाच जिल्हे, विधानसभेचे अठ्ठावन्न मतदारसंघ, सत्तर हजारांहून जास्त शिक्षक मतदार. आमच्याकडं एक मोटारसायकल, मेव्हण्याची जुनी जीप आणि माझा मोबाईल. एरवी शिक्षक उमेदवाराचा प्रचार स्टाफरूममध्ये होतो: मधल्या सुट्टीत जायचं, चहा होतो, मुख्याध्यापक दोन शब्द बोला म्हणतात, दहा मिनिटांत पंधरा मतदार भेटतात. त्या वर्षी स्टाफरूमच रिकाम्या. नववी ते बारावीचे वर्ग उघडायची परवानगी आली ती २३ नोव्हेंबरला, आणि मतदान १ डिसेंबरला. ते आठ दिवसही मास्क, तापमापी बंदूक आणि शिक्षकांच्या कोरोना चाचण्यांत गेले. तेव्हा राहिलं व्हॉट्सॲप.

आणि इथं माझी चूक सुरू होते.

या निवडणुकीत मशीन नसतं. कागदाची मतपत्रिका, नावापुढं रकाना, आणि आयोगानं दिलेल्या जांभळ्या स्केचपेननं त्या रकान्यात आकडा लिहायचा. पहिल्या पसंतीच्या उमेदवारापुढं १. तो लिहिलाच पाहिजे. मग वाटलं तर दुसऱ्यापुढं २, तिसऱ्यापुढं ३, जितके उमेदवार तितक्यापर्यंत. आकडा देवनागरी चालतो, इंग्रजी चालतो, रोमन चालतो. अक्षरात 'एक' चालत नाही, टिकमार्क चालत नाही.

आता प्रचारात प्रश्न आला: लोकांना दुसऱ्या पसंतीबद्दल काय सांगायचं? बऱ्याच निवडणुका पाहिलेला एक संघटनावाला मला फोनवर म्हणाला, "दुसरी पसंती देऊ देऊ नका. दुसरी पसंती म्हणजे आपल्या कणगीतलं धान्य दुसऱ्याच्या घरी. फक्त एक, बाकी कोरं." मला पटलं. ऐकताना ते गणितासारखं वाटलं होतं. मी घरी बसून मोबाईलवर एक चित्र केलं: मतपत्रिकेचा नमुना, सरांच्या नावापुढं ठळक जांभळा १, आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'फक्त १. बाकी सर्व रकाने कोरे ठेवा.' सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. म्हणाले, "नियम असाच आहे का?" मी म्हणालो, "सर, साधी गोष्ट आहे. दुसऱ्याला दिलं तर आपलं कमी होणार ना?" ते म्हणाले, "हिशेबाचं तुम्ही बघा. माझा विषय विज्ञान."

आयुष्यात सरांनी कुणाचं न वाचता सही केलेली ती एकमेव गोष्ट असावी. चित्र पाच जिल्ह्यांत फिरलं. फॉरवर्ड होऊन ते मलाच चार ग्रुपवरून परत आलं, तेव्हा मला अभिमान वाटला होता.

मतदान आमच्या तहसीलच्या गावात एका शाळेत. मतपत्रिका बघून छाती दडपली. उमेदवार तिसाहून अधिक, कागद पंचांगाच्या पानासारखा लांब. चिन्हं नसतात, नाव, पक्ष किंवा अपक्ष आणि फोटो. मान्यताप्राप्त पक्षांचे वर, अपक्ष खाली, त्यात मराठी वर्णक्रम. सर खाली, घडीच्या रेघेजवळ. मी जांभळ्या पेननं १ लिहिला. बाकी कोरं ठेवलं. प्रामाणिकपणे.

मोजणी ३ डिसेंबरला, पुण्याजवळ बालेवाडीच्या क्रीडा संकुलात. आम्ही तिघं आदल्या रात्री जीपनं निघालो, भाकरी-झुणका बांधून. सर आले नाहीत. "माझा दहावीचा तास आहे," म्हणाले. वर्ग आत्ताच उघडलेत, पोरं आठ महिन्यांनी आलीत, आणि मी मोजणी बघत बसू का? हा त्यांचा प्रश्न. आम्ही गप्प बसलो.

मोजणी म्हणजे काय हे मला तोवर माहीत नव्हतं असं आता म्हणायला हरकत नाही. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा, मध्ये जाळी, जाळीच्या अलीकडं आम्ही प्रतिनिधी. आधी पेट्या उघडायच्या, हिशेब जुळवायचा, मतपत्रिकांचे पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे आणि ते सगळे एकत्र मिसळायचे, म्हणजे कुठल्या गावचं मत कुठं गेलं ते कळू नये. हे मिसळण्यातच दुपार झाली. एकाही उमेदवाराला अजून एकही मत मोजलेलं नव्हतं. मला बाजार समितीतला लिलाव आठवला. माल वर आलाय, तोलाईच सुरू होत नाही.

मग गठ्ठे टेबलांवर आले आणि वैध-अवैधची छाननी सुरू झाली. जाळीतून मला एक टेबल स्वच्छ दिसत होतं. तिथली कर्मचारी बाई एकेक मतपत्रिका उलगडून आमच्याकडं धरायची, संशय असला की वेगळ्या ट्रेमध्ये. तो ट्रे भरत गेला. एकानं अक्षरात 'एक' लिहिलेलं, वर शिरोरेघ सुंदर ओढून. एकानं टिकमार्क केलेला, वही तपासल्यासारखा. एकानं दोघांपुढं १ लिहिलेला, भांडण नको म्हणून असेल. एकानं खाली सही केलेली, तारखेसकट! मास्तराचा हात, सही केल्याशिवाय कागद सुटतच नाही. एकानं कोऱ्या जागेत लिहिलं होतं, 'जुनी पेन्शन द्या.' माझ्या शेजारचा दुसऱ्या उमेदवाराचा प्रतिनिधी पुटपुटला, "प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना वाचत नाही म्हणून पोरांचे मार्क कापतो आपण." मी मान डोलावली. माझी पाळी अजून यायची होती.

वैध मतं ठरल्यावर कोटा. इथं एकच जागा असते, म्हणून वैध मतांचे निम्मे अधिक एक. समजा हजार मतं वैध, तर कोटा ५०१. पहिल्या पसंतीत कुणी ५०१ ला पोहोचलं तर खेळ खलास. नाही पोहोचलं, तर सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद. पण त्याची मतं बाद होत नाहीत. त्याचे गठ्ठे परत उघडतात, प्रत्येक मतपत्रिकेवर २ कुणापुढं आहे ते बघतात, आणि ती मतपत्रिका, तशीच्या तशी, एका मताच्या किमतीनं, त्याच्या ढिगात जाते. मग पुन्हा सगळ्यात कमी कोण? तो बाद. त्याचे गठ्ठे उघडा.

ही बाद फेरी मी रात्री जाळीला नाक लावून पाहत होतो तेव्हा मला घाम फुटला. डिसेंबरची रात्र होती.

दुसरी पसंती कधी उघडतात? पहिल्या पसंतीचा माणूस बाद झाल्यावर. म्हणजे तो मैदानात असेपर्यंत तिच्याकडं कुणी बघतच नाही. मग ती त्याचं नुकसान करणार कशी? २ लिहिल्यानं १ च्या एका केसालाही धक्का लागत नाही. हे इतकं सरळ होतं की आठवीच्या पोराला फळ्यावर दोन मिनिटांत पटलं असतं. आणि मी, एम.एस्सी. बी.एड., गणित, पाच जिल्ह्यांत नेमकं उलटं चित्र पाठवून बसलो होतो.

त्याहून वाईट पुढं होतं. आमच्यासारखे पंधरा-वीस अपक्ष होते. त्यातले बरेच सरांच्याच जातकुळीचे: विनाअनुदानितच्या आंदोलनातले, पेन्शनच्या मोर्च्यातले, आझाद मैदानावर आमच्याबरोबर पावसात बसलेले. त्यांच्या मतदारांची दुसरी पसंती सरांना आणि सरांच्या मतदारांची त्यांना, असं नुसतं ठरवलं असतं तरी ढीग वाढत गेले असते. आम्ही प्रत्येकानं आपापल्या कणगीला कुलूप लावलं होतं. त्यांच्यातल्या दोघांचं 'फक्त १' चं चित्र मी पाहिलंही होतं. एक तर माझ्याच चित्रावरून केलेलं होतं, फक्त नाव बदलून.

सर बाद झाले ते मध्यरात्र उलटून गेल्यावर, कितव्या फेरीत ते लिहून ठेवलेला कागद माझ्याकडं आहे. मतांचा आकडा सांगत नाही. अनामत गेली एवढं पुरे. माइकवरून नाव आलं आणि कर्मचाऱ्यांनी सरांचा ढीग पुढं ओढला. रबर काढलं. पहिली मतपत्रिका: १, बाकी कोरं. दुसरी: १, कोरं. तिसरी, चौथी. टेबलावर एक नवा ढीग तयार झाला. पुढची पसंतीच नसलेली मतं. तिथले लोक त्याला 'एक्झॉस्टेड' म्हणतात. म्हणजे दमलेली. ती कुणाकडंच जात नाहीत, पाकिटात घालून सील होतात. मधूनच एखादी मतपत्रिका निघायची, २ लिहिलेली, ३ लिहिलेली, एकीवर तर ११ पर्यंत, सुबक, एका मापाचे आकडे. ती बाई त्या मतपत्रिकेकडं जरा जास्त वेळ बघत राहिली. माझं चित्र न पाहिलेला किंवा पाहून न ऐकलेला कुणीतरी शहाणा. बाकी ढीग माझा होता.

शेजारचा प्रतिनिधी म्हणाला, "तुमची माणसं फार निष्ठावान हो." त्याला टोमणा मारायचा नव्हता. मला तो बसला.

निकाल ४ तारखेला लागला. काँग्रेसचे जयंत आसगावकर निवडून आले. आधीचे अपक्ष आमदार दत्तात्रय सावंत पडले. आम्ही तोवर थांबलोही नव्हतो. पहाटे खंबाटकीचा घाट उतरताना मेव्हण्यानं विचारलं, "आता काय सांगायचं सरांना?" मी झोपल्याचं सोंग घेतलं.

शाळेत पोहोचलो तेव्हा सर दहावीला भिंगाचं सूत्र शिकवत होते, मास्कमधून आवाज दबका. तास संपल्यावर व्हरांड्यात आले. मी सगळं सांगितलं. उलट्या क्रमानं, त्यांच्या पद्धतीनं: आधी शेरा, मग मागं. दमलेल्या मतांचा ढीग, ते चित्र, तो फोन. ते ऐकत राहिले. विचारलं, "म्हणजे दोन लिहिलं असतं तर मी निवडून आलो असतो?"

"नाही सर. तेवढं नाही. पण बाकीच्या अपक्षांच्या मतदारांनीही दोन लिहिलं असतं, तर अजून काही फेऱ्या टिकला असता. आणि बाद झाल्यावर आपली मतं कुणाच्या तरी कामाला आली असती."

"मग ठीक आहे," म्हणाले. काय ठीक आहे ते मला आजही कळलेलं नाही. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाकी कव्हरची वही दिली. त्यांनी सांगितल्याप्रमाणे मी तिची झेरॉक्स काढून रजिस्टर पोस्टानं विधान भवनाच्या पत्त्यावर पाठवली, निवडून आलेल्या आमदारांच्या नावे. सोबत एका ओळीचं पत्र. पोहोच आली.

पुढचं थोडक्यात. मी नववीच्या वर्गात दरवर्षी वर्ग प्रतिनिधीची निवडणूक पसंतीक्रमानं घेतो. पाच उमेदवार, चाळीस पोरं. दोन बाद फेऱ्यांत पोरांना सगळं कळतं. एका मुलीनं पहिल्याच वर्षी विचारलं, "सर, मग दोन न लिहिणारा येडाच म्हणायचा की?" मी म्हणालो, हो.

सर ३१ मे २०२३ ला निवृत्त झाले. मुख्याध्यापकही मागोमाग गेले, ज्येष्ठतेनं पुढच्या सरांनी लेखी नकार दिला आणि प्रभारी म्हणून खुर्ची माझ्याकडं आली. २०२५ च्या पावसाळ्यानंतर पुन्हा मतदार नोंदणी निघाली, पुन्हा कोरी पाटी, अर्हता दिनांक १ नोव्हेंबर २०२५. स्टाफचे अर्ज मी गोळा करत होतो तेव्हा सर ऑफिसात आले. नमुना १९ भरून आणलेला, फोटो चिकटवलेला.

"सर, तुम्ही तर निवृत्त..."

"नोव्हेंबर एकोणीस ते मे तेवीस. साडेतीन वर्षं भरतात. सहापैकी तीन लागतात." मग जरा थांबून, "हिशेब मी स्वतः केलाय या वेळी."

मी दाखला काढला. तारखा घातल्या, सही केली, गोल शिक्का मारला आणि कागद त्यांच्यापुढं सरकवला. त्यांनी चष्मा वर केला, खालून वर वाचत गेले आणि वरच्या कोपऱ्याशी पोहोचल्यावर कागद माझ्याकडं परत सरकवला.

"जावक क्रमांक टाका," म्हणाले.